काकूंच्या फोनात माझा आवाज

"तुम्ही वर त्या मशीनवर बोलायला लागलात ना, की आमच्या फोनात बदक ओरडतं."

तळमजल्यावरच्या काकू दारात उभ्या होत्या. जून २००९, रविवार, सकाळचे साडेनऊ वाजले असतील. इंदूरच्या लेकीचा फोन मध्येच थांबवून, दुखऱ्या गुडघ्यांनी तीन जिने चढून त्या आल्या होत्या. कॉर्डलेसचा हँडसेट अजून हातातच होता.

"पण ते मीच, हे कशावरून?" मी विचारलं.

"जिन्यात तुमचा आवाज येतो, फोनात बदकाचा. दोघं एकदमच गप्प होता."

याहून चांगला पुरावा मलाही देता आला नसता. बदक ही उपमाही चोख होती. आम्ही हॅम लोक, म्हणजे परवाना काढून छंद म्हणून रेडिओवर बोलणारे, चाळीस मीटरच्या पट्ट्यात, म्हणजे ७ मेगाहर्ट्झच्या आसपास, सिंगल साइडबँड पद्धतीनं बोलतो. आवाज वाहून नेणारी मूळ लहर त्यात काढून टाकलेली असते. समोरचा रेडिओ ती लहर स्वतः तयार करून पुन्हा जोडतो, तेव्हा कुठे शब्द उमटतात. टेलिफोनजवळ अशी काही सोय नाही. त्याच्या हाती नुसता चढउतार लागतो, तोही फाटलेला. मी बोलतोय हे काकूंना कळत होतं, काय बोलतोय हे कळणं शक्य नव्हतं.

त्या दिवशी मी त्यांना जे उत्तर दिलं ते मला आजही टोचतं. "काकू, तुमचा फोन हलका आहे, चांगला घ्या," असं म्हणालो. तांत्रिकदृष्ट्या ते पुष्कळसं खरं होतं. पण गुडघ्यांमुळे ज्यांना उठून फोनपर्यंत जाणं होत नाही आणि कानांनी कमी ऐकू येतं, त्यांना मुलानं खास कॉर्डलेस आणून दिला होता. तोच बदला असं सांगणारा मी कोण? काकू काही न बोलता खाली गेल्या. पुढच्या गुरुवारी सोसायटीच्या सेक्रेटरींचं पत्र आलं: गच्चीवरची तार पंधरा दिवसांत उतरवावी.

ती तार, म्हणजे माझी अँटेना, माझ्यासाठी काय होती, ते थोडं सांगायला हवं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला तेव्हा मी कॉलेजात होतो. हॅम मंडळी आपापले संच घेऊन तिकडे गेली आणि तिथून निरोप पाठवत राहिली, हे ऐकून मी या छंदाकडे वळलो. मोर्स, म्हणजे टिंब-रेघांची भाषा, शिकलो, परीक्षा दिली, परवान्याची वाट पाहिली आणि १९९७ पासून हवेवर आहे. २००१ च्या जानेवारीत भूजला भूकंप झाला तेव्हा मी तिथे गेलो नव्हतो, पण रात्रंदिवस कानाला हेडफोन लावून बसलो होतो. तार उतरवणं म्हणजे माझ्यासाठी हे सगळं बंद करणं होतं. आणि ती ठेवायची तर काकूंचा फोन आधी स्वच्छ व्हायला हवा होता.

परवान्याचे नियम काढून सेक्रेटरींशी वाद घालायचं मी ठरवून टाळलं. माझा संच शंभर वॅटचा होता, परवान्याच्या मर्यादेत होता, लहरी नेमून दिलेल्या पट्ट्यातच जात होत्या. पण हे सिद्ध करून काकूंच्या फोनातलं बदक थांबणार नव्हतं. मी दोन महिन्यांची मुदत मागितली आणि काकूंना शब्द दिला, की रविवारी नऊ ते दहा मी मोर्सची की दाबणार नाही, माइकला हात लावणार नाही. मुदत मिळाली.

पहिलं काम वहीचं. रोज संध्याकाळी सात वाजता बायको काकूंकडे जाऊन फोन कानाला लावायची, मी वर संच चालू करायचो आणि मोबाइलवरून एकमेकांना सांगायचो. सहावीतली मुलगी वहीत लिहायची: कुठला पट्टा, किती वॅट, बोलणं की मोर्स, फोनात काय ऐकू आलं. चाळीस मीटरवर शंभर वॅटला बदक इतकं मोठं, की डायल टोन ऐकू येईना. वीस मीटरवर निम्म्याहून कमी. पंधरा मीटरवर अगदी पुसट. हातातल्या दोन मीटरच्या छोट्या संचाचा काहीच त्रास नाही. मोर्सला बदकाऐवजी "थप, थप" असा आवाज. पॉवर पंचवीस वॅटवर आणली तर आवाज मला वाटलं होतं त्याहून पुष्कळ जास्त उतरला आणि दहा वॅटला पूर्ण गेला. याला कारण आहे. फोनमधल्या ज्या भागाकडून लहरीचा आवाज बनण्याची ही चूक होते तो रेडिओलहरीच्या जोराच्या वर्गाच्या हिशेबानं आवाज काढतो. त्यामुळे लहर थोडी कमी झाली तरी त्रास बराच कमी होतो. ही गोष्ट पुढे फार उपयोगी पडली. काकूंच्या फोनपर्यंत पोचणारी लहर मला शून्यावर आणायची गरजच नव्हती, ती एका पातळीखाली गेली तरी पुरे होतं.

मग डमी लोड, म्हणजे अँटेनाऐवजी लावायचा, लहर बाहेर न सोडता जिरवणारा डबा. एक किलोओहमचे वीस कार्बन रेझिस्टर समांतर जोडले की बरोबर पन्नास ओहम होतात. ते मी पत्र्याच्या डब्यात ट्रान्सफॉर्मर ऑइलमध्ये बुडवून ठेवलेले आहेत. अँटेना काढून त्यावर पूर्ण शंभर वॅट सोडले. खाली एकदम शांतता. म्हणजे त्रास घरातल्या विजेच्या वायरिंगमधून उतरत नव्हता. तो अँटेनातूनच निघत होता आणि टेलिफोनची तार तो पकडत होती.

गच्चीवर जाऊन पाहिलं तेव्हा मी इतके दिवस रोज बघत असलेली गोष्ट पहिल्यांदा नीट दिसली. माझी अँटेना इन्व्हर्टेड व्ही: मधोमध जीआय पाइप, दोन्ही बाजूंना खाली उतरणारी दहा-दहा मीटरची तार. त्यातली पूर्वेची तार ज्या कठड्याला बांधली होती, त्याच कठड्याला रस्त्यावरच्या खांबावरून आलेली काकूंच्या टेलिफोनची ड्रॉप वायर खिळ्यानं अडकवलेली. दोन्ही तारा जवळजवळ समांतर, काही ठिकाणी हातभर अंतरावर. तिथून टेलिफोनची तार भिंतीवरून तळमजल्यापर्यंत उतरते आणि माझी केबलही त्याच भिंतीवरून माझ्या खिडकीत येते. खांबापासून काकूंच्या रोझेटपर्यंतची, म्हणजे भिंतीवरच्या टेलिफोनच्या डबीपर्यंतची, लांबी मी सुतळीनं मोजली. एकवीस मीटरच्या आसपास भरली. चाळीस मीटरच्या पट्ट्याची अर्धी तरंगलांबी! ती तार टेलिफोनसाठी बांधली होती, पण माझ्या पट्ट्याचा तो एक उत्तम एरियलच होता.

तरी एक प्रश्न उरत होता. आमच्या घरातही टेलिफोन होता आणि तो अँटेनाच्या आणखी जवळ होता. त्यात काहीच का येत नव्हतं? आमचा फोन म्हणजे वडिलांच्या काळातला आयटीआयचा (इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजचा), फिरत्या डायलचा. तो उचलून मी खाली नेला आणि काकूंच्या रोझेटला लावला. वर बायकोनं की दाबली. स्वच्छ डायल टोन. मग काकूंचा कॉर्डलेस आमच्या लाइनवर लावला. बदक वर आलं.

आमच्या फोनात कार्बनचा मायक्रोफोन, एक लहानसा ट्रान्सफॉर्मर आणि दोन वाट्यांची घंटा, एवढंच होतं. आवाज वाढवणारा ट्रान्झिस्टर नाही की आयसी नाही. नव्या फोनात हे सगळं असतं. जोरदार रेडिओलहर त्यांच्यापर्यंत पोचली, की त्यांच्या पोटातले अर्धवाहकांचे जोड डायोडसारखे वागू लागतात, लहरीतला आवाजाचा चढउतार वेगळा काढतात आणि पुढचा ॲम्प्लिफायर तो इमानानं वाढवून कानात सोडतो. साध्या स्फटिकाच्या रेडिओचं तत्त्व हेच. फरक इतकाच, की इथे ते कुणाला नको होतं.

आता दोन दिशांनी काम होतं. माझ्याकडून निघणारी अनावश्यक लहर कमी करायची आणि फोनमध्ये शिरणारी अडवायची.

सुरुवात स्वतःपासून केली. पूर्वेचं टोक सोडवलं आणि पाइपाभोवती अँटेना फिरवून उत्तर-दक्षिण बांधली, म्हणजे ती टेलिफोनच्या तारेला काटकोनात आली. याला एक रविवार आणि सोसायटीच्या वॉचमनची मदत लागली. दुसरं काम केबलचं. इन्व्हर्टेड व्ही दोन्ही बाजूंना सारखी असते, केबल तशी नसते. तिला आतली तार आणि बाहेरची जाळी. मध्ये या दोघांचा मेळ घालणारा जोड, म्हणजे बालुन, नसेल तर प्रवाहाचा काही भाग जाळीच्या बाहेरच्या अंगावरून खाली वाहतो आणि केबल स्वतःच अँटेना होऊन भिंतीवरून लहरी सोडते. मी बारा वर्षं बालुनशिवाय काम केलं होतं. एसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेनाकडून संचाकडे परतणाऱ्या लहरीचं माप, चांगला दिसतो म्हणून तिकडे लक्षच दिलं नव्हतं. आता अँटेनाच्या जोडाखाली पीव्हीसीच्या रुंद पाइपावर केबलचे दहा वेढे घालून बालुनचं काम करणारी साधी चोक केली.

वहीत त्या संध्याकाळची नोंद मुलीच्या अक्षरात आहे: "चाळीस मीटर, १०० वॅट, बदक आहे पण लांब गेलं." पूर्वी दहा वॅटला जो त्रास थांबायचा तो आता चाळीसला थांबत होता. माझ्याकडून करण्यासारखं मी केलं होतं. उरलेलं खाली, काकूंच्या घरात करायचं होतं.

फेराइट या चुंबकीय सिरॅमिकची रिंग लागणार हे माहीत होतं. तत्त्व सोपं आणि सुंदर आहे. टेलिफोनच्या दोन्ही तारा एकत्र धरून रिंगेत गुंडाळायच्या. बोलण्याचा प्रवाह एका तारेतून जातो तेवढाच दुसरीतून परत येतो, म्हणून रिंगेच्या दृष्टीनं बेरीज शून्य. तिला तो दिसतच नाही. रेडिओलहर मात्र दोन्ही तारांवर एकाच दिशेनं येते. तिला रिंग जोरदार अडवते. फेरे दुप्पट केले तर अडथळा चौपट होतो, म्हणून एका फेऱ्यावर भागत नाही.

हे कळत असूनही मी आधी हाताशी होतं ते वापरून पाहिलं आणि तीन आठवडे घालवले. जुन्या मॉनिटरच्या केबलवरचा काळा मणी कापून काढला. त्यातून तार एकदाच जाते. दोन मीटरसारख्या वरच्या पट्ट्याला ते पुरतं, चाळीस मीटरला त्याचा काही उपयोग झाला नाही. मग जुन्या बाजारातून कॉम्प्युटरच्या बिघडलेल्या पॉवर सप्लायमधल्या पिवळ्या-पांढऱ्या रिंगा आणल्या. पंधरा फेरे घातले, वहीत फरक शून्य. नंतर वाचल्यावर समजलं, की त्या फेराइटच्या नसतातच. लोखंडाच्या भुकटीच्या असतात आणि या कामाला त्यांची ताकद फार तोकडी. पुण्याच्या बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत दोन तास हिंडलो तेव्हा एका दुकानदारानं टीव्हीच्या पिक्चर ट्यूबच्या मानेवर बसणारं योक काढून दिलं. त्यावरची तांब्याची तार सोडवून आतला फेराइटचा गोल वापरला, तेव्हा पहिल्यांदा फरक ऐकू आला. बदक आणखी लांब गेलं. पण ते ओबडधोबड गाठोडं काकूंच्या देवघराशेजारच्या फोनखाली ठेवताना मलाच बरं वाटेना.

याच काळात माझ्याकडून एक चूक झाली. जुन्या पुस्तकांत एक उपाय असतो: लाइनच्या दोन तारांमध्ये ०.०१ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर टाका, रेडिओलहर त्यातून आडवी निघून जाईल. दुकानात त्याला "एकशेतीन नंबर" म्हणतात. मी एक किलोव्होल्टचा डिस्क आणला आणि रोझेट उघडून बसलो. काम करताना लाइन मोकळी ठेवायची नसते हे मला माहीत असायला हवं होतं. फोन ठेवलेला असताना तारांवर ४८ व्होल्टचा डीसी असतो, तो फारसा जाणवत नाही. पण नेमका तेव्हाच कुणाचा तरी फोन आला. घंटीच्या वेळी त्यावर साधारण ७५ व्होल्टचा एसी चढतो. माझी दोन बोटं तारांवर होती. कोपरापर्यंत झिणझिण्या गेल्या आणि पेचकस पडला. तेव्हापासून लाइनवर काम करायचं तर आधी दुसरा फोन उचलून ठेवायला सांगतो, म्हणजे घंटी येऊच शकत नाही. हे कुणीही करून पाहणार असेल त्यानं एवढं नक्की लक्षात ठेवावं.

कंडेन्सर लावला, वर गेलो, चाचणी घेतली. त्रास खरंच कमी झाला होता. रात्री दहाला काकूंचा नातू वर आला. तो इंजिनिअरिंगला, त्यांच्याकडेच राहायचा. "काका, नेट संध्याकाळपासून बंद आहे. मॉडेमचा दिवा नुसता लुकलुकतोय."

मी ब्रॉडबँड विसरलोच होतो. ती पुस्तकं लिहिली गेली तेव्हा टेलिफोनच्या तारेवरून फक्त बोलणं जात होतं, साधारण साडेतीन किलोहर्ट्झपर्यंत. तेवढ्या वारंवारितेला हा कंडेन्सर हजारो ओहमचा, म्हणजे जणू नाहीच. ब्रॉडबँडचा सिग्नल त्याच तारेवर एक-दोन मेगाहर्ट्झपर्यंत पसरलेला असतो. ५०० किलोहर्ट्झला हाच कंडेन्सर जेमतेम ३२ ओहमचा होतो. मी त्या मुलाचं इंटरनेट आडव्या वाटेनं संपवून टाकलं होतं. टॉर्चच्या उजेडात रोझेट उघडून कंडेन्सर काढला. तो फोन आणि नेट वेगळं करणाऱ्या स्प्लिटरच्या पुढे, फक्त फोनकडच्या बाजूला लावता आला असता. पण त्या रात्री मी ठरवलं, की दुसऱ्याच्या लाइनमध्ये काहीही कापायचं वा जोडायचं नाही. जे करायचं ते बाहेरून गुंडाळून.

ऑगस्टमध्ये पावसानं जोर धरला आणि वही सगळी गोंधळली. कालपर्यंत साठ वॅटला शांत असलेला फोन वीस वॅटला ओरडू लागला. शिवाय मी बंद असतानाही काकूंच्या लाइनवर खरखर. तक्रार नोंदवली आणि लाइनमन आले. पन्नाशीचे, सायकलवरून, खांद्याला पिशवी आणि कमरेला चाचणीचा हँडसेट. मी त्यांना माझी सगळी कहाणी सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि खांबावर चढून डीपी बॉक्स, म्हणजे तारांच्या जोडांची पेटी, उघडला.

"साहेब, एक पाय गेलाय," ते वरूनच म्हणाले.

जोडीतल्या एका तारेचा स्क्रूखालचा जोड पार कळकला होता. हिरवट थर बोटानं खरवडून त्यांनी मला दाखवला. टेलिफोनच्या दोन तारा एकसारख्या असतात तोवर बाहेरून आलेली लहर दोघींवर सारखी पडते आणि फोनच्या दृष्टीनं बरीचशी रद्द होते. एका तारेचा जोड खराब झाला की तो तोल जातो. त्यातून गंजलेला जोड स्वतःसुद्धा डायोडसारखा वागतो. म्हणजे फोनच्या आतली चूक खांबावरही होत होती. लाइनमननी तार मागे कापून नवीन जोड दिला, पेट्रोलियम जेली लावली. कठड्यावरची जुनी, ऊन खाऊन तडकलेली समांतर ड्रॉप वायर काढली आणि नवी टाकताना माझ्या सांगण्यावरून ती अँटेनापासून लांबून, जिन्याच्या बाजूनं घेतली. कठड्यापासून रोझेटपर्यंत त्यांनी पिळाची जंपर वायर वापरली. "पिळाची घेतो, तिला बाहेरचं कमी लागतं," हे त्यांनी मला सांगितलं, मी त्यांना नाही. चहा पिताना म्हणाले, "तुमच्यासारखे दोघं आहेत माझ्या एरियात. दुसऱ्यांकडे पण हेच झालं होतं."

वहीतला पुढचा आकडा: ऐंशी वॅट. वीस वॅटांचं अंतर उरलं.

खऱ्या रिंगा ऑक्टोबरात आल्या. आतेभाऊ न्यू जर्सीहून दिवाळीला येणार होता, त्याला मी नेमकं काय हवं ते कळवलं होतं: अडीच इंचाच्या फेराइटच्या रिंगा, मिक्स ३१, चार नग. हे मिश्रण याच कामासाठी नावाजलेलं आहे. बारा फेरे घातले की चाळीस मीटरवर काही हजार ओहमचा अडथळा उभा राहतो आणि खालच्या-वरच्या पट्ट्यांनाही तो टिकतो. त्यानं शंकरपाळ्यांच्या बदल्यात त्या दिल्या, असं तो अजून सांगतो.

रिंगेचं भोक इतकं मोठं, की फोनच्या चपट्या केबलचं टोक प्लगसकट आरपार जातं. काही कापावं लागत नाही. काकूंच्या कॉर्डलेसच्या बेसपाशी, अगदी त्याला चिकटून, मी बारा फेरे गुंडाळले. चिकटून का, तर रिंग रोझेटपाशी ठेवली तर तिथून फोनपर्यंतची दोन-तीन मीटरची केबल पुन्हा लहर पकडते. मधे कॉलर आयडीची डबी होती, ती रिंगेच्या अलीकडे नेली.

वर गेलो, शंभर वॅट. बायकोचा मोबाइलवरून आवाज: "आहे अजून. थोडं."

मला विश्वास बसेना. एवढा अडथळा उभा केल्यावर लहर फोनात शिरते कुठून? मी खाली गेलो, बेस उचलला, उलटा केला, परत ठेवला आणि तेव्हा त्याच्या मागून निघणारी दुसरी वायर दिसली. ॲडॉप्टरची! कॉर्डलेसच्या बेसला वीज लागते. म्हणजे तो एका लांब तारेच्या मधोमध बसलेला होता. एका बाजूला टेलिफोनची लाइन, दुसऱ्या बाजूला ॲडॉप्टरमार्गे घरभर पसरलेलं विजेचं वायरिंग. लहर एकीकडून येते आणि दुसरीकडे निघून जाते. वाटेत फोनमधून जाते. मी एकच दार लावलं होतं. माझ्या वडिलांच्या फोनला हे दुसरं दार नव्हतंच. मी चार महिने फक्त टेलिफोनच्या तारेकडे बघत राहिलो होतो.

दुसरी रिंग घेतली, ॲडॉप्टरची बारीक वायर चौदा फेरे गुंडाळली, बेसला चिकटून ठेवली. या वेळी मी खाली थांबलो आणि बायको वर गेली. फोन माझ्या कानाला होता. मोबाइलवर ती म्हणाली, "दाबली." मी डायल टोन ऐकत राहिलो. "दाबली आहेस ना?" "हो, शंभर वॅट. काटा दिसतोय." मी काकूंकडे फोन दिला. त्यांनी तो उजव्या कानाला लावला, मग डाव्या. मुलीनं वर माइकमध्ये एक ते वीस आकडे म्हटले. तिचा आवाज जिन्यातून खाली येत होता.

"जिन्यात येतोय," काकू म्हणाल्या. "फोनात नाही."

पुढच्या रविवारी नऊ वाजता मी सवयीनं संच बंद ठेवून बसलो होतो. सव्वानऊला नातू वर आला. "आजीनं विचारलंय, तू का बोलत नाहीयेस? तिचा आत्याशी फोन चालू आहे. तिला बघायचंय." काकू तोवर मला अहोजाहो करत. तो "तू" नातवाच्या तोंडून आला, पण तो काकूंचाच होता. मी संच चालू केला आणि सकाळच्या नेटवर, म्हणजे हॅम लोकांच्या ठरल्या वेळच्या गप्पांत, हजेरी दिली. पाऊण तास बोललो. खालून कुणी आलं नाही.

सोसायटीच्या पुढच्या सभेत सेक्रेटरींनी विषय काढला तेव्हा काकू स्वतः उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "माझी तक्रार होती, ती मी मागे घेतली. आता तारेचं नाव काढू नका." उरलेल्या दोन रिंगांपैकी एक मी माझ्या केबलवरच्या वेढ्यांच्या जागी बसवली. दुसरी पहिल्या मजल्यावरच्यांनी नवा फोन घेतला तेव्हा त्यांनी न मागताच त्यांना नेऊन दिली.

२०१९ मध्ये आमच्या इमारतीत फायबर आलं. तांब्याची तार खांबावरून उतरली. काचेच्या तंतूवर माझ्या लहरीचं काही चालत नाही, त्यामुळे काकूंच्या फोनच्या लाइनवरची रिंग बिनकामाची झाली. मात्र त्याच आठवड्यात माझ्या रेडिओवर चाळीस मीटरला सतत एक गुरगुर सुरू झाली, इतकी की लांबची स्टेशनं बुडून गेली. बॅटरीवरचा छोटा रेडिओ हातात घेऊन मजल्यामजल्यानं फिरलो. आवाज वाढत वाढत तळमजल्यावर काकूंच्या दारात गेला. नव्या फायबरच्या डब्याचा ॲडॉप्टर.

मी बेल वाजवली. काकू आता काठी घेऊन चालतात. मी सगळं सांगितलं. त्यांनी कपाट उघडलं आणि जुनी रिंग काढून दिली. वर्तमानपत्रात नीट गुंडाळून ठेवली होती.

"या वेळी तुझ्यासाठी बांध," म्हणाल्या. मी खाली बसून ॲडॉप्टरची वायर सोडवली आणि फेरे मोजायला लागलो.